लाल टाकीचा सत्कार

दचकू नका. आवाज भिंतीतून येत नाही, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या माझ्यातून येतोय. मी एक लाल टाकी. कागदोपत्री माझं नाव 'अग्निशामक उपकरण' असं आहे, आणि इंग्रजी नाव असं आहे की ते नीट उच्चारून होईपर्यंत निम्मं गोडाऊन जळून जावं. म्हणून मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या जिनिंगात मला सगळे लाल टाकीच म्हणतात. घरी गॅसची टाकी, कामावर लाल टाकी. घरची रिकामी झाली की त्याच दिवशी बोंब होते. कामावरची रिकामी झाली तर काय होतं, ते सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पत्रा वाकवला, सांधा जुळवला, पोटात पाण्याचा दाब देऊन मला तपासलं. जी फुटली नाही तिला लाल रंग, असा तिथला न्याय. मग पोटात पिवळसर पांढरी पावडर भरली, वरून वायू कोंबला, गळ्याशी एक छोटं घड्याळ बसवलं. त्यातला काटा हिरव्यावर असला की मी तयार, तांबड्यावर गेला की मी नुसतं लोखंड. दांडीत एक पिन घातली आणि पोटावर एक चित्रपट्टी चिकटवली. तिच्यात एक बिनचेहऱ्याचा माणूस पिन उपसतो, नळी आगीच्या बुडाशी धरतो, दांडी दाबतो आणि झाडू मारल्यासारखी नळी डावी-उजवी फिरवतो. इतकं सोपं काम करणाऱ्या माणसाला चेहरा का दिला नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला इथे आणलं ते आगीच्या भीतीने नव्हे, परवान्याच्या भीतीने. लाल टाक्या टांगलेल्या दिसल्याशिवाय परवाना नवा होत नाही, हे मालकांना कुणीतरी सांगितलं होतं. बीडच्या दुकानातून आदिनाथ नावाचा विक्रेता मला आणि माझ्या एका बहिणीला टेम्पोतून घेऊन आला. बहीण ऑफिसात गेली आणि चोरीला जाऊ नये म्हणून कपाटाशेजारी कुलपात बसली. मी प्रेसच्या खोलीत आले.

"अप्पा, पाच मिनिटं माणसं गोळा करा. कशी चालवायची ते दाखवतो," आदिनाथ म्हणाला.

शिवशंकरअप्पा म्हणजे इथले मॅनेजर. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं गोड, आणि कोणत्याही कामाला नाही म्हणायचं नाही, फक्त ते उद्यावर टाकायचं, ही त्यांची पद्धत.

"दावा की, कावून न्हाई," अप्पा म्हणाले, "पण आज वजनकाट्यावर लई गर्दी हाय. पुढच्या खेपंला."

पुढची खेप आली नाही.

जिनिंग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतातून कापूस येतो. यंत्रात त्याची सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. रुई वाऱ्याच्या नळातून आमच्या खोलीत येऊन पडते. मग प्रेसमध्ये ती दाबून दाबून तिची गाठ बांधतात, आणि गाठी गोडाऊनमध्ये थप्पी लावून ठेवतात. कापसाबरोबर शेतातलं काय काय येतं याची मोजदाद नाही. खडे, काड्या, विडीची थोटकं, एकदा तर अख्खी काडेपेटी आली. यंत्रात खडा सापडला की ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी म्हणजे तहानलेल्याला पाणी.

एवढं असून माझं आयुष्य सुखात चाललं होतं. माझ्या गळ्यात कुणी जेवणाची पिशवी अडकवी, कुणी ओला पंचा वाळत घाली. एकाने माझ्या मागच्या फटीत तंबाखूची पुडी ठेवण्याची सोय केली होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की मलाही हळदकुंकू मिळे, आणि पूजेचा नाडा नेमका पिनेलाच गुंडाळून गाठी मारत. देवाला बांधावं तसं.

तो नाडा दर वर्षी ब्लेडने कापून काढणारा एकच माणूस होता. प्रविण. प्रेस चालवणारा, पस्तिशीचा, अंगाने काटक, तोंडाने फटकळ.

"ही देवी हाय का बे?" तो हमालांना म्हणे. "उद्या आग लागली तर आरती म्हनायची का हिच्यापुढं?"

"आरे, पूजेचा नाडा कापू नये, पाप लागतं," एखादा म्हणे.

"लागू दे. पाप लागल्यालं चालंल, आग लागल्याली चालायची न्हाई."

त्याची आई मुक्ताबाई याच जिनिंगात कामाला होती. कापसातून काडीकचरा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायची, सांडलेली रुई गोळा करायची. बाई बारीक, आवाजही बारीक. यंत्रं चालू असताना तिचं बोलणं शेजारच्या बाईलाही ऐकू जात नसे, म्हणून तिला हातवारे करून बोलायची सवय झाली होती. नवरा गेल्यावर तिने या कामावर प्रविणला वाढवलं होतं, आणि आता तो तिला 'घरी बस' म्हणून दमला होता.

"घरी बसून काय करू? भिंतीकडं बघू?" ती म्हणे. "तितं भिंत, हितं तू. तू बरा दिसतूस भिंतीपरीस."

असं चाललं होतं. आणि एके दिवशी, हंगाम ऐन भरात असताना, दुपारच्या जेवणाआधी रुईच्या ढिगाला आग लागली.

रुईची आग लाकडासारखी हळूहळू चढत नाही. ती ढिगावरून पळते, उंदीर पळावा तशी. नळातून एक ठिणगी आली आणि बघता बघता ढिगाच्या पाठीवर निळी-पिवळी लाट उठली. मग माणसांची जी काय पळापळ झाली, ती मी उंचावरून नीट पाहिली. एकाने मेन स्विच पाडला, हे चांगलं केलं. अप्पांनी 'पाणी, पाणी' म्हणून हाका मारल्या. पण मेन पडल्यामुळे मोटार बंद, आणि हौदात टँकर न आल्यामुळे पाणी घोट्याएवढं. दोघे बादल्या शोधायला गेले ते बाहेरच राहिले. एकाने मोबाईल काढून चित्रण सुरू केलं आणि 'बघा, बघा, कशी पेटलीय' असं समजावूनही सांगायला लागला.

प्रविण मात्र सरळ माझ्याकडे आला. माझ्या गळ्यातली कुणाची तरी भाजीची पिशवी त्याने भिरकावली, मला खिळ्यावरून उचललं, पिन उपसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटावरच्या चित्रासारखं वागत होतं. त्याने नळी आगीच्या बुडाशी धरली, दांडी दाबली, आणि माझ्या पोटात वर्षानुवर्षं कोंडलेलं सगळं एकदम बाहेर सुटलं.

तो माझ्या जन्माचा क्षण होता, असं म्हटलं तर चालेल. खोली पांढरी झाली. ढिगावरची लाट बसली. माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी खोकत, डोळे चोळत उभी राहिली. मी हलकी झाले होते. माझ्या काट्याने हिरवं सोडलं, तांबडं गाठलं आणि तिथेच मान टाकली.

"विझली!" कुणीतरी ओरडलं.

"प्रविण्या, गड्या, वाचवलंस!"

टाळ्या पडल्या. चित्रण करणाऱ्याने टाळ्यांपर्यंत चित्रण केलं आणि लगेच सगळीकडे पाठवून दिलं.

टाळ्या थांबल्यावर प्रविण अप्पांजवळ गेला. केसांत, भुवयांत पावडर. "अप्पा, ह्याच्या आदी ज्या गाठी दाबल्या त्या बाहीर काढाव्या लागतेल. ठिणगी कधीची हाय कुणास ठावं. एखाद्या गाठीत गेली आसंल तर?"

"आरे, मला काय शिकवतो?" अप्पा म्हणाले. "कापसाची आग पोटात राहती. वडलांच्या टायमापासून बघतोय मी. वरून थंडगार, आन् आत चार-चार दिवस धुमसती. काढू की. मोकळ्या पटांगणात एकेक लांब लांब ठिवू. उद्या सकाळी हमाल लावतो."

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुढे जे झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं समजू नका. सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांना ठाऊक होतं, हमालांना ठाऊक होतं, मालकांच्या तर तीन पिढ्या कापसात गेल्या होत्या.

मालक म्हणजे विजयसिंह. शेती, जिनिंग आणि राजकारण अशा तीन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला माणूस. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी संध्याकाळी ते चित्रण पाहिलं, आणि आगीत त्यांना जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. त्यांना कार्यक्रम दिसला.

"आप्पा, उद्या पक्षाचे साहेब दौऱ्यावर हायेत. मांजरसुंब्यावरूनच जाणार," त्यांनी येऊन सांगितलं. "दहा मिनिटं आपल्याकडं थांबतेल. प्रविणचा जाहीर सत्कार घ्यायचा. कामगाराचा सत्कार! बीडपर्यंत चर्चा झाली पायजे."

"घिऊ की," अप्पा म्हणाले. नाही म्हणायची त्यांची पद्धतच नव्हती.

सकाळी हमाल आले. पण त्यांच्याआधी मांडववाला आला होता. पटांगण एकच, आणि त्यात तो बांबू रोवत होता. ज्या जागेवर गाठी लांब लांब ठेवायच्या होत्या तिथे खुर्च्या लांब लांब लागल्या. हमालांना सोफे उचलायला लावलं. रस्त्यावरच्या फाटकाला थर्माकोलची स्वागत कमान उभी राहिली.

प्रविणने मालकांना गाठलं. "मालक, कार्यक्रम उद्यावर ढकला ना. आज गाठी काढू द्या. पटांगन एकच हाय."

"गाठी कुठं पळून जातेत का?" मालक हसले. "साहेब मात्र पळून जातेत. आरे, तुझाच सत्कार, आन् तूच आडवा पडायलाय व्हय बे?"

"मग निदान टाकी तरी भरून आना. रिकामी हाय ती."

हे ऐकून अप्पा पुढे झाले. "भरायला आदिनाथला फोन लावतो की. पण आज टाकी हितंच पायजे. साहेबांना दावायची हाय. हीच ती टाकी म्हनून."

अशा रीतीने मी रिकामी असल्यामुळे नव्हे, तर प्रसिद्ध झाल्यामुळे भरली गेले नाही. मला पाण्याने धुतलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला, आणि गळ्यात झेंडूचा हार घातला.

मुक्ताबाईने त्या दिवशी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. पहिल्या रांगेत बसायचं म्हणून. पण जाता जाता ती सवयीने गोडाऊनमध्ये शिरली आणि गाठींवर हात ठेवत गेली, जनावरांच्या पाठीवर ठेवावा तसा. परत आली ती कपाळाला आठ्या घेऊनच.

"आप्पा, खालच्या थप्पीतली एक गाठ कोमट लागती."

"उन्हाची आसंल, बाई."

"गोडाऊनात ऊन कुठून आलं, आप्पा?"

अप्पांच्या हातात हारांची टोपली होती. "कार्यक्रम होऊ द्या. लगीच काढतो," ते म्हणाले आणि गेले.

प्रविण आत जाऊन आला. त्याला गाठ कधी गरम वाटली, कधी नाही वाटली. थप्पीतल्या खालच्या गाठीला हात तरी किती पोचणार? फाटकाशी फटाके वाजायला लागले होते. दोघं त्याला फेटा बांधायला ओढत होते.

"माय, तू दारात बस," तो म्हणाला. "वास आला, धूर दिसला, की मला हाक मार. पन आत शिरू नकू. ऐकलंस का?"

"आन् तुजा सत्कार?"

"दारातून दिसतो की सगळा."

"दिसतो," ती म्हणाली. "जा. फेटा सरळ बांदून घे. कालच्यासारका पांडरा भुत्या दिसू नकू."

गोडाऊनच्या दारात पालथ्या घमेल्यावर ती बसली. तिच्यापुढे सगळी माणसं, पाठमोरी. माणसांच्या पलीकडे व्यासपीठ. व्यासपीठावर सोफे, सोफ्यांपुढे टीपॉय, आणि टीपॉयवर हार घातलेली मी. म्हणजे बसलेल्या शेदीडशे माणसांच्या पाठी गोडाऊनकडे होत्या, आणि गोडाऊनकडे तोंड फक्त आम्हा व्यासपीठावरच्यांचं होतं. त्यातले बहुतेक मोबाईलमध्ये बघत होते.

सूत्रसंचालनाला शाळेतले बद्रीनाथ सर होते. त्यांना शेरोशायरीचा नाद होता आणि माईक सोडायचा नाद नव्हता. आधी साहेबांचा सत्कार झाला. मग साहेबांबरोबर आलेल्यांचा झाला. मग जे येणार होते पण आले नाहीत त्यांच्या वतीने आलेल्यांचा झाला. मालकांनी अप्पांचा केला, अप्पांनी मालकांचा केला. मांडववाल्यालाही नारळ मिळाला. ज्याने आग विझवली त्याचा नंबर शेवटी आला. त्याला शाल, मला शाल. लोक हसले, फोटो निघाले.

मग साहेब बोलायला उठले. दहा मिनिटं थांबणार होते, ते रंगात आले.

"बंधू-भगिनींनो," साहेब म्हणाले, "कापसाची आग वरून दिसत नसते! ती आत धुमसत असते! तसा हा समाज आज आतून धुमसतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात अप्पांनी वाजवल्या.

त्याच वेळी मला पाठमोऱ्या डोक्यांच्या पलीकडे जांभळं लुगडं उभं राहिलेलं दिसलं. मुक्ताबाईचं तोंड हलत होतं. पण कर्ण्यापुढे तिचा बारीक आवाज म्हणजे लग्नाच्या वाजंत्रीत मांजराचं म्यांव. मग तिने सवयीप्रमाणे हात वर केले आणि जोरजोरात हलवायला लागली. ये, ये, ये.

साहेब पाणी प्यायला थांबले होते. बद्रीनाथ सरांनी संधी सोडली नाही.

"आणि तिकडे पाहा मंडळी! त्या वीराची माता! आनंद गगनात मावत नाही! कशी हात हलवून लेकराला आशीर्वाद देते आहे! जोरदार टाळ्या या माउलीसाठी!"

शेदीडशे माना वळल्या. धूर तेव्हा अजून आतच होता. लोकांनी दारात हात हलवणारी म्हातारी पाहिली, टाळ्या वाजवल्या, आणि माना पुन्हा साहेबांकडे फिरल्या. काही बायांनी डोळेही पुसले.

प्रविण उठला. शेजारून मालकांनी त्याचं मनगट धरलं. चेहऱ्यावरचं हसू न हलवता ते म्हणाले, "साहेब बोलायलेत. बस."

"मालक, माय बोलावायलीय. आग..."

"बस म्हनतो ना. दोन मिनिटं. सत्कारमूर्ती मधीच उठून जातो का कुठं?"

तो बसला. त्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या गावात साहेबांपुढे उठून जायला मालकही धजत नाहीत, तिथे प्रेसवाल्याचे गुडघे सरळ होणार कसे? पण डोळे त्याने दारावरून काढले नाहीत.

दारातल्या मुक्ताबाईने हात खाली घेतले. तिने लेकराकडे पाहिलं. तो येत नाही हे तिला दिसलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. गोडाऊनच्या भिंतीशी पाहुण्यांसाठी थंड पाण्याचे जार ठेवले होते. तिने एक जार पोटाशी कवटाळला आणि ती आत गेली.

पुढचं आतलं मी पाहिलं नाही. नंतर हमालांच्या बोलण्यातून कळलं ते असं, की तिने कोमट गाठीवर पाणी ओतलं आणि ती थप्पीतून ओढायला गेली. गाठ हलली तशी आतल्या आगीला मोकळी हवा मिळाली. मी पाहिलं ते एवढंच, की गोडाऊनच्या दारातून आधी धुराचा लोट आला आणि त्यामागून लालसर उजेड.

आता मात्र कुणी कुणाला 'बस' म्हणालं नाही. खुर्च्या उलथल्या, बांबू वाकले. साहेबांची गाडी फाटकातून सर्वांत आधी गेली, कमानीला न लागता. चालकाचं कौतुक करावं तेवढं थोडं.

प्रविणने टीपॉयवरून मला उचललं. हारासकट, शालीसकट. डोक्यावर फेटा, काखेत मी, असा तो माणसांतून वाट काढत धावला. गोडाऊनच्या दारात त्याने माझी नळी आत धरली आणि दांडी दाबली. मी रिकामी आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने दाबली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी सांगणार नाही. मग त्याने मला फेकलं आणि तो आत गेला.

तिला त्याने बाहेर आणलं. जांभळ्या लुगड्याचा काठ तेवढा ओळखू येत होता. ती शुद्धीवर होती.

"हाक मारली रं मी," ती म्हणाली.

"दिसली माय. दिसली मला."

"आत शिरू नकू म्हनलतास तू."

तेवढंच. दवाखान्यात ती आठवडाभरही जगली नाही.

ऑफिसातल्या माझ्या बहिणीची किल्ली अप्पांच्या खिशात होती आणि अप्पा साहेबांना निरोप द्यायला रस्त्यावर होते. बंब आला तेव्हा त्याला स्वागत कमानीखालून आत येता येईना. कमान पाडायला मांडववाल्याला शोधावं लागलं, कारण ती त्याची होती.

मग चौकशी झाली. मी पुरावा म्हणून टेबलावर होते, त्यामुळे सगळं ऐकलं. चौकशीला आलेले अधिकारी सभ्य होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"आदल्या दिवशीची आग तुम्ही विझवली?"

"हो," प्रविण म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"त्याबद्दल सत्कार स्वीकारलात? हा फोटो तुमचाच ना?"

"हो."

"म्हणजे आग पूर्ण विझली, असं तुमचंही म्हणणं होतं."

"न्हाई साहेब. मी मालकांना म्हनलतो, गाठी..."

"आग विझलीच नव्हती तर शाल कशाची घेतलीत?"

 याचं उत्तर देण्यासाठी ज्यांनी शाल पांघरवली त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं, आणि ते शेजारच्या खुर्चीत बसले होते. मालक हळहळून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय साहेब. अनुभव कमी पडला." बघता बघता सगळ्यांच्या तोंडी एकच झालं, प्रविणने आग अर्धवट विझवली. विमा मिळाला. प्रविणला कामावरून कमी केलं. आता तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर असतो, असं हमाल म्हणतात. 

गोडाऊनला नवे पत्रे आले. परवाना पुन्हा नवा करायचा होता, म्हणून मला भंगारात न घालता रंगाऱ्याकडे दिलं. त्याने मला चकचकीत ऑइलपेंट मारला. घाईत असल्यामुळे चित्रपट्टीवरही मारला. बिनचेहऱ्याचा माणूस आता पूर्णच गेला. घड्याळाच्या काचेवरही मारला, आणि मी पुन्हा प्रेसच्या खोलीतल्या खिळ्यावर आले. तपासणीला आलेल्या माणसाने दारातून टाक्या मोजल्या, मान हलवली आणि चहा घेतला.

मध्ये एकदा प्रविण आला होता. आईचा जेवणाचा डबा इथेच राहिला होता, तो न्यायला. डबा घेऊन निघताना माझ्यापुढे थांबला. भाजून आखडलेल्या बोटांच्या नखाने त्याने काचेवरचा रंग खरवडला, आणि आत पाहिलं.

"अप्पा, ही रिकामीच हाय."

"आरे, भरायची हाय की. सांगितलंय आदिनाथला," अप्पा म्हणाले. "चहा घेतो का?"

त्याने चहा घेतला नाही. डबा काखेत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि खरवडलेल्या जागेवर पुन्हा एक हात मारून गेला.

आता नवा हंगाम लागला आहे. कापसातला काडीकचरा वेचायला नव्या बाया आल्या आहेत, केजकडच्या, आष्टीकडच्या. त्यांना जुनं काही ठाऊक नाही. आज दुपारी यंत्रं थांबली तेव्हा त्या भाकरी घेऊन जागा शोधत होत्या. केशरबाई नावाची एक जाणती बाई आहे त्यांच्यात. तिने खोलीभर पाहिलं, आणि माझ्याखाली पदराने जागा झाडली.

"हितं बसा गं सगळ्या," ती म्हणाली. "हितं आगीचं भ्या न्हाई. टाकी हाय डोक्यावर."

त्या बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर लेकरू झोपलं आहे. यंत्रं पुन्हा सुरू झाली, पण यांचं जेवण अजून चाललंय. वरून रुई पडायला लागली आहे.

बायांनो, मी ओरडतेय. उठा. दुसरीकडे बसा, दाराजवळ बसा. माझ्या पोटात काही नाही.